ताईचा उजवा कान

हल्ली मुलाखत घ्यायला तरुण मुलं घरी येतात. बडोद्यातल्या वासण्याच्या आमच्या सोसायटीत सगळ्या इमारती सारख्याच दिसतात, त्यामुळे ती आधी दोन चुकीच्या घरांची बेल वाजवतात, मग घाम पुसत येऊन बसतात, पाणी पितात आणि विचारतात, ‘सर, तुमच्या लेखनावर घरचे संस्कार कोणते?’ मी थोडा वेळ खिडकीबाहेर बघतो. मग सांगतो की माझी आई पहाटे जात्यावर ओव्या म्हणत असे आणि त्या लयीवर माझं वाक्य घडलं. हे उत्तर आजवर निदान तीन ठिकाणी छापून आलं आहे. एका विद्यार्थिनीनं तर आपल्या प्रबंधात त्यावर अख्खं पान खर्च केलं आहे. खरी गोष्ट अशी की माझ्या आईला जात्यावर बसलेलं मी कधीच पाहिलं नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेची गिरणी होती. तिथे ती पत्र्याचा डबा पाठवायची आणि पीठ जाड आलं तर स्वतः खाली उतरून गिरणीवाल्याला गुजरातीत ऐकवायची. ओवी तिला एकही येत नव्हती. गुणगुणायची ती गरब्याची गाणी, तीही शब्द चुकवून. ओव्या म्हणणारी आई मी एकोणिसाव्या वर्षी एका पत्रात तयार केली, आणि त्या पत्राबद्दल आजवर कुठे लिहिलं नाही. आता लिहितो आहे. नीट जमेल की नाही ठाऊक नाही. खोटं सांगताना माझी लेखणी जशी धावते तशी खरं सांगताना धावत नाही, हे मला पुष्कळ आधी कळलेलं आहे.

आम्ही जुन्या शहरात शारदाबेनच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. दोन खोल्या आणि रस्त्यावर आलेली एक लाकडी गॅलरी. बाबा कारखान्यात फिटर होते. त्यांच्या बोटांच्या रेषांत काळं तेल कायमचं बसलेलं होतं, आणि रविवारी आंघोळ झाल्यावर ते हात उन्हात धरून बघत, जणू आज तरी निघालं असेल. खालून शारदाबेनच्या कढीची गोडसर फोडणी वर यायची आणि वरून आमच्या सुक्या बोंबलाचा वास खाली जायचा. शारदाबेन नाकाला पदर लावून जिन्यावरून हाक मारायची, ‘वहिनी, आजे पाछुं?’ म्हणजे आज परत का. आई वरून म्हणायची, ‘बस ने बेन, आठवड्यातून एकदा.’ संध्याकाळी तीच शारदाबेन ढोकळ्याची थाळी घेऊन वर यायची. आमचे पणजोबा साताऱ्याकडून संस्थानच्या फौजेत आले होते, एवढं घरात सर्वांना माहीत होतं. बाबांचे थोरले भाऊ, आमचे काका, पलीकडच्या गल्लीत राहायचे आणि पणजोबांचा उल्लेख ‘शिलेदार’ असा करायचे. बाबांनी मला एकदाच, तेही सायकलची चेन बसवताना, सांगितलं होतं की त्यांचे हे आजोबा, म्हणजे तेच पणजोबा, पागेत घोड्यांना गवत वाटून द्यायचे. ‘चांगलं द्यायचे म्हणतात,’ एवढं म्हणून त्यांनी पॅडल फिरवून बघितलं.

घरातला मुख्य आवाज ताईच्या मशीनचा. ताई, म्हणजे माझी बहीण कुसुम, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. सातवीनंतर तिची शाळा सुटली आणि मशीन आलं. साड्यांना फॉल, ब्लाऊज, आणि नवरात्राआधी दोन महिने चणियाचोळ्यांचा ढीग. मी कॉलेजात जाणारा आमच्या घरातलाच नव्हे तर दोन्ही गल्ल्यांतल्या आमच्या नातेवाइकांतला पहिला मुलगा, आणि माझ्या कॉलेजाचा रस्ता त्या ढिगाखालून जात होता हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असणं आणि लाज वाटणं यांत मात्र बरंच अंतर असतं. ताई बोलकी होती. मशीन चालवताना बोलायची, भाजी घेताना बोलायची, गरब्यात फेर धरताना शेजारणीशी बोलायची. तिला उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं. लहानपणी कान फुटला, वाहत राहिला, औषध म्हणून लसणाचं तेल घातलं गेलं, आणि डॉक्टरकडे नेईपर्यंत कानाचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. घरात या गोष्टीबद्दल कुणी बोलत नसे, पण सगळं घर तिच्या डाव्या बाजूला सरकलेलं होतं. मशीनची उजवी बाजू भिंतीला, जेवताना तिचं पान उजव्या टोकाला, रस्त्यानं जाताना मी नेहमी तिच्या डावीकडे. नवीन माणसाला काही कळायचंच नाही.

कॉलेजात मराठीचे सर सांगायचे, ‘अनुभवातून लिहा.’ मी मान डोलवायचो आणि सायकलवरून घरी येताना विचार करायचो की आपल्याला अनुभव असा काहीच नाही. लढाई नाही, दुष्काळ नाही, गावाकडे घर नाही, नदीला पूर आला तरी पाणी आमच्या गल्लीच्या अलीकडेच थांबायचं. वर्गातली इतर मराठी मुलं अधिकाऱ्यांच्या, प्राध्यापकांच्या घरची. त्यांच्याकडे निदान पुस्तकांची कपाटं होती. माझ्याकडे होती ती दोन्ही गल्ल्यांची पत्रं. कॉलेजात जातो म्हणून सगळे माझ्याकडून पत्रं लिहून घ्यायचे. बदलीचा अर्ज, नातवाच्या बारशाचं कळवणं, आणि सर्वांत जास्त म्हणजे मुलामुलींच्या लग्नासाठी स्थळांना पाठवायची माहिती. आमच्या लोकांना सोयरीक देशावरची हवी असे. इथे तीन पिढ्या काढल्या, हिशेब गुजरातीत, भांडण गुजरातीत, पण मुलगी द्यायची ती साताऱ्या-कोल्हापूरकडे. आणि तिकडच्या लोकांना बडोदे म्हणजे राजवाडा, हत्ती आणि सोन्याचे तोडे एवढंच ठाऊक. त्यांची निराशा करणं आमच्या लोकांना असभ्य वाटायचं. म्हणून कंपाउंडर वैद्यकीय खात्यात जायचा, पट्टेवाला सरकार दरबारी रुजू व्हायचा. मी हे सगळं उत्साहानं लिहायचो आणि तरीही आपल्याला अनुभव नाही म्हणून खंत करायचो.

ताईसाठी स्थळ काकांनी आणलं. कराडजवळच्या एका गावातला प्राथमिक शिक्षक, सुरेश नावाचा. आई वारलेली, घरात फक्त वडील. काका पत्र सांगायला आले ते पानाचा डबा घेऊनच. ‘लिही जरा चांगलं. कॉलेजात कशाला पाठवलंय तुला,’ ते म्हणाले. मग त्यांनी सांगितलेल्या चार ओळींची मी तीन पानं केली. पत्र काकांच्या नावानं होतं, पण आतला शब्द न शब्द माझा. कच्चा मसुदा मी वहीत ठेवत असे, कारण आपली वाक्यं फेकून देणं मला तेव्हाही जमत नव्हतं. म्हणून आजही ती ओळ जशीच्या तशी देता येते: ‘आमच्या घरी अद्याप पहाट जात्याच्या घरघरीनं उजाडते. भावजयीच्या ओव्या ऐकत चि. कुसुम लहानाची मोठी झाली, आणि आता आईचा आवाज थकला की पुढची ओवी तीच उचलते. मुलगी मितभाषी असून उंबऱ्याबाहेर तिचा शब्द जात नाही. दसऱ्यास माझ्या आजोबांच्या तलवारीची पूजा असते; तिच्या पात्यात अजून चेहरा दिसतो.’

काकांनी पान चघळायचं थांबवून ऐकलं. ‘तलवार कुठली रे?’

‘असायला हवी ना, काका. शिलेदार होते.’

‘हां. ते बरोबर.’ त्यांनी थोडा विचार केला. ‘राहू दे.’

‘आणि कानाचं?’

‘कानाचं काय? पत्रात कान कोण लिहितं? जमलं की सांगू.’

मशीन आतल्या खोलीत चालू होतं. मुलीच्या स्थळाचं पत्र मुलीला दाखवायची पद्धत नव्हती, आणि त्या पद्धतीबद्दल मी त्या दिवशी मनातून आभारी होतो.

उत्तर कार्डावर आलं. मुलाचे वडील, ज्यांना गावात तात्या म्हणत, त्यांनी लिहिलं होतं की पत्र फार आवडलं, मुलानं तर पुन्हा पुन्हा वाचलं, आणि तलवारीच्या पूजेचं वाचून आम्ही ठरवलं की मुलगी पाहायला दसऱ्यालाच यावं. घरात तलवार सोडा, नारळ फोडायचा कोयताही शारदाबेनचा होता. आमच्याकडे दसऱ्याला पूजा व्हायची ती बाबांच्या अवजारांची. नट फिरवायचे पाने, हातोडी, कानस, मापं घ्यायचा एक जुना व्हर्नियर, शेजारी ताईची कात्री आणि मी कॉलेजात गेल्यापासून माझं फाउंटन पेन. बाबा अवजारं आदल्या दिवशी रॉकेलनं पुसून, धुऊन, पाटावर ओळीनं मांडायचे आणि वर्षभरात तेवढाच वेळ त्यांना कुणी हात लावायचा नाही. काकांनी दोन दिवस येरझारा घातल्या. शेवटी शारदाबेननंच मार्ग काढला. तिच्या भाच्याच्या लग्नात नवरदेवाचा साफा आणि शेरवानी ज्या दुकानातून भाड्यानं आणली होती तिथे नवरदेवानं हातात धरायची तलवारही मिळत होती. ‘एमां शुं?’ ती म्हणाली, त्यात काय मोठंसं. काका लाल मखमली म्यानातली तलवार धोतरात गुंडाळून घेऊन आले. म्यानाला दुकानाच्या नंबराची चिठ्ठी होती. ती आईनं कोमट पाण्यानं सोडवली.

बाबांनी तलवार बघितली आणि म्हणाले, ‘दादा, पूजेत उसनं ठेवायचं?’

‘शंकर, पोरीचं लग्न आहे,’ काका म्हणाले.

बाबांनी पाट जरा सरकवला आणि तलवारीला जागा केली. त्यांचा मोठा पाना मात्र मधोमधच राहिला.

दसऱ्याच्या सकाळी बाबा नेहमीप्रमाणे फाफडा-जिलबीच्या रांगेत उभे राहून आले. श्रीखंडाचा चक्का कालपासून खुंटीला टांगलेला होता आणि खालच्या पातेल्यात त्याचं पाणी टपटपत होतं. नवरात्रात रोज फेर धरून ताईचा आवाज बसलेला होता. आई तिला म्हणाली, ‘बरंच झालं. कमी बोलशील.’ ताई हसली. तिला ते नेहमीचं टोचणं वाटलं. तो माझ्या पत्राचा परिणाम होता हे तिला कुठून कळणार? जरीची हिरवी साडी तिनं नेसली, तिचा फॉल तिनंच लावलेला होता, आणि आरशासमोर उभी राहून मला म्हणाली, ‘दिन्या, मास्तर दिसायला कसाही असू दे, पण गप्पिष्ट असला पाहिजे. नाहीतर मी एकटीनं किती बोलायचं?’

तात्या आणि सुरेश आले. सुरेश उंच, किडकिडीत, चष्म्याची काडी सारखी नीट करणारा. तात्या गावात ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे असं बोलण्यात निघालं. पाहुण्यांना पाटासमोर बसवलं. तात्यांनी हात जोडले, मग काकांची परवानगी घेऊन तलवार उचलली. दोन्ही हातांवर तिचा तोल बघितला.

‘हलकी हाय,’ ते म्हणाले.

‘जुनी ना,’ काका म्हणाले. ‘झिजलीय.’

‘आसंल.’ त्यांनी ती जपून खाली ठेवली, तिला कुंकू लावलं आणि बोट पुसत विचारलं, ‘आन् ह्यो पाना कुणाचा?’

बाबा पुढे सरकले. आयुष्यभर चार वाक्यांत दिवस काढणारा हा माणूस पुढचा पाऊण तास बोलला. तो पाना कोणत्या परदेशी मशीनबरोबर आला, साहेब कसा फेकून देणार होता, याच्या जबड्याला दात पुन्हा कसे काढले, नट अडकला की ताकद न लावता त्याच्या कडेनं कसं ऐकायचं, कारण सुटायच्या आधी नट बारीक आवाज करतो. तात्या मान हलवत होते आणि मध्येच विचारत होते, ‘आटे गेलेलं आसलं तर?’ मी त्या वेळी कंटाळून तलवारीकडे बघत बसलो होतो. माझ्या अकरा कादंबऱ्यांत मिळून चार तलवारी आहेत. पाना एकही नाही. नट सुटण्याआधी बारीक आवाज करतो, हे वाक्य मला फुकट मिळालेलं होतं आणि मी ते चाळीस वर्षं वापरलं नाही.

जेवणं झाली. श्रीखंडाची दुसरी वाटी तात्यांनी नाही म्हणत घेतली. मग ते म्हणाले की पोरांना दोन शब्द बोलू द्या, आता काय पूर्वीसारखं राहिलेलं नाही. ताई आणि सुरेश गॅलरीत गेले आणि रीत म्हणून मला दाराशी उभं केलं. गॅलरी इतकी अरुंद की माणसं शेजारी शेजारी उभी राहायची आणि तोंडं रस्त्याकडे. ताई आधी गेली, डाव्या टोकाला कुंडी होती म्हणून तिच्यापाशी थांबली. सुरेश तिच्या उजवीकडे उभा राहिला. मी पाहिलं. एक पाऊल पुढे टाकून ‘तुम्ही इकडे या ना’ एवढंच म्हणायचं होतं. पण तेवढ्यात तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, ‘पत्राचं अक्षर तुमचंच ना? काका म्हणाले. फार सुंदर लिहिलंय. मी वर्गात मुलांना त्यातली एक ओळ फळ्यावर लिहून दिली, शुद्धलेखनाला.’ आणि मी जागेवरून हललो नाही. माझं लिखाण कुणीतरी फळ्यावर लिहिलं होतं. त्या क्षणी मला बहीण नव्हती, फक्त वाचक होता.

मग तो रस्त्याकडे बघत ताईशी बोलत राहिला. खाली कुठेतरी ढोल वाजत होता. तो म्हणाला, आई गेल्यापासून घरात बोलणं कमीच. तात्या इंजिनांशी बोलतात, मी शाळेत मुलांशी. घरी आलं की भांड्यांचा काय तो आवाज. तो म्हणाला, मी थोडा भित्रा आहे, हे आधी सांगितलेलं बरं, रात्री विहिरीकडे जायला मला अजून कंदील लागतो. हे सांगताना त्याचे कान लाल झाले होते. ताईला त्यातलं काही ऐकू जात नव्हतं. ढोलाच्या आवाजात तर नाहीच. आपण काही चुकीचं बोलू नये म्हणून ती खाली बघत मंद हसत होती आणि मधून मधून ‘हं’ म्हणत होती. तिचं हे गप्प राहणं इतकं शोभून दिसत होतं की क्षणभर मलाच माझ्या पत्राचा भरवसा वाटला.

मग सुरेश वळून तिच्यासमोर आला आणि मोठ्यानं म्हणाला, ‘तुम्ही अगदी पत्रातल्यासारख्या आहात.’

हे तिनं ऐकलं. ‘कुठल्या पत्रातल्या?’

‘काकांच्या. पहाटे जात्यावर ओव्या म्हणता ते. मला एखादी ऐकवाल?’

ताईनं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, चार टाके घालण्याइतकाच. मग त्याला म्हणाली, ‘आत्ता नको. दुपार आहे ना.’

ते पटल्यासारखी त्यानं मान हलवली. खिशातून आपट्याचं पान काढून तिच्या हातावर ठेवलं आणि आत गेला.

पाहुणे चहा घेऊन निघताना तात्या काकांना म्हणाले, आमची पसंती हाय. काका बाबांना मिठी मारून तलवार परत करायला गेले. आई देवापुढे साखर ठेवायला गेली. ऊन अजून गॅलरीत होतं. ताई साडी न बदलता मशीनशी बसली आणि मला म्हणाली, ‘काढ ती वही. तुझी असते ती.’

मी तिच्या डावीकडे बसून वाचलं. पहिल्या पानाला ती खळखळून हसली. ‘आईचा आवाज थकला की पुढची ओवी मी उचलते? गिरणीवाल्याला वाचून दाखव हे.’ तलवारीपाशी पुन्हा हसली. मग मितभाषी आलं, उंबरा आला, आणि हसणं हळूहळू थांबलं. तिसरं पान संपल्यावर तिनं विचारलं, ‘कानाचं कुठंय?’

‘काका म्हणाले नंतर सांगू.’

‘नंतर म्हणजे कधी? त्यानं हाक मारली आणि मी वळले नाही म्हणजे?’ तिनं सुई वर घेतली आणि दोरा तोडला. ‘बरं, ते जाऊ दे. तो मघाशी एवढं काय बोलत होता? तू ऐकलंस ना? सांग.’

मी सांगू लागलो. आई गेली ते सांगितलं, भांड्यांच्या आवाजाचं सांगितलं, कंदिलाचं सांगितलं. ताई मान कलती करून ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी येत होतं की ते आणखी यावं असं मला वाटलं. म्हणून मी म्हणालो, ‘आणि म्हणाला की आमचं घर एका आवाजाची वाट बघतंय.’

तिनं लगेच वर बघितलं. ‘हे तो म्हणाला की तू?’

मला खोटं बोलता आलं असतं. ‘मी,’ मी म्हणालो.

‘आणि कंदिलाचं?’

‘ते त्याचंच.’

‘नक्की?’

‘नक्की, ताई.’

‘बघ,’ ती म्हणाली. रागावलेली नव्हती, दमलेली होती. ‘त्याला मी कशी आहे ते कळलं नाही. मला तो कसा आहे ते कळायला तू लागतोस, आणि तुझ्यावर विश्वास ठेवता येत नाही. आता आम्ही दोघांनी कुणाशी लग्न करायचं, तुझ्या वहीशी?’ थोड्या वेळानं, मशीनच्या चाकावर हात ठेवून, ती म्हणाली, ‘कंदिलाचं त्याचं असेल तर माणूस बरा आहे रे.’

दुसऱ्या दिवशी ती बाबांशी बोलली. काका तिथेच होते आणि ऐकूनच उठून उभे राहिले. ‘पसंती आली आणि आता कान? लग्न होऊ दे, मग सांगू. काय, परत पाठवणार आहेत का तुला?’

‘तेच विचारतेय,’ ताई म्हणाली.

बाबा पाटावरची अवजारं उचलून पिशवीत भरत होते. आई दारात उभी होती. तिला हे लग्न हवं होतं, ताई चोविसाव्या वर्षात होती, आणि आईचा पदर तोंडाशी गेला होता. शेवटी बाबा मला म्हणाले, ‘ती सांगेल ते लिही. तिचंच.’

मुलीनं मुलाला परस्पर पत्र लिहायचं हे आमच्या दोन्ही गल्ल्यांत कुणी केलेलं नव्हतं. मी सरांनी सांगितल्याप्रमाणे समास सोडून अंतर्देशीय पत्र समोर घेतलं. ताई सांगत होती आणि मी लिहीत होतो. तिची वाक्यं मला फार उघडी वाटली. म्हणून शेवटी मी माझं एक घातलं, की कानानं नसलं तरी मनानं मी सारं ऐकते. तिनं वाचून दाखवायला सांगितलं. त्या ओळीशी आलो तसं ती म्हणाली, ‘हे कोण बोललं?’ आणि दुसरं अंतर्देशीय आणायला मला पोस्टात पाठवलं. पाठवलं ते पत्र असं होतं:

‘त्या पत्रात माझ्याबद्दल जे लिहिलं आहे ते खरं नाही. आमच्या घरात जातं नाही आणि मला ओव्या येत नाहीत. मी खूप बोलते. मला उजव्या कानानं ऐकू येत नाही. तुम्ही गॅलरीत माझ्या उजवीकडे उभे होतात म्हणून तुमचं बोलणं मला कळलं नाही. ते परत सांगावंसं वाटलं तर डावीकडून सांगा. तलवार भाड्याची होती. बाबांचा पाना खरा आहे.’

खाली तिनं स्वतः सही केली. सातवीनंतर कुठे सही करायची वेळच आलेली नव्हती, म्हणून आधी जुन्या बिलाच्या पाठीवर तीनदा गिरवून बघितली.

यात माझा एकही शब्द नाही. फक्त हस्ताक्षर माझं. तरी माझ्या हातून लिहिलं गेलेलं पहिलं चांगलं गद्य हेच, असं मी मनाशी मानतो. मुलाखतीत सांगत नाही, कारण त्यातलं मी काय केलं हे सांगता येत नाही. नुसतं बाजूला होणं हे काम म्हणून दाखवायला फार थोडं दिसतं. पुढच्या आयुष्यात मी ते किती वेळा करू शकलो ते वाचकांना ठाऊकच आहे.

ताईचं लग्न आणखी तीन वर्षांनी झालं, इथेच. भाऊजी कारेलीबागेत गणिताच्या ट्यूशन्स घेतात आणि त्यांचा आवाज पलीकडच्या अपार्टमेंटपर्यंत जातो. ती बरी आहे. पण त्या दसऱ्यानंतरच्या दिवसांबद्दल सांगायचं राहिलं. पोस्टमन आमच्या गल्लीत दुपारी अडीचच्या सुमारास यायचा आणि खालून सायकलची घंटी वाजवायचा. मशीन चालू असताना ती घंटी ताईला ऐकू येत नसे. म्हणून सव्वादोन वाजले की ती मशीन थांबवायची. कपडा सुईखाली तसाच, हात मांडीवर, डावा कान गॅलरीकडे. घंटी वाजायची, खाली शारदाबेनचं काही आलेलं असायचं किंवा कुणाचंच नसायचं, सायकल पुढे जायची, मग थोड्या वेळानं चाक पुन्हा फिरायचं. दिवाळी गेली. मी त्या तासाला कॉलेजातून मुद्दाम घरी येऊ लागलो. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. आलं असतं तर उत्तर वाचून दाखवायला, असं मी स्वतःला सांगत होतो, पण ते तर तिचं तिला वाचता आलं असतं.

असंच एका दुपारी जिना चढताना मला मशीनचा आवाज आला. सव्वादोन वाजून गेले होते. खाली घंटी वाजली, सायकल पुढे गेली, आवाज थांबला नाही. मी आत जाऊन तिच्या डावीकडे बसलो आणि म्हणालो, ‘ताई, पोस्टमन येऊन गेला.’

‘माहीत आहे, अडीच वाजले,’ ती म्हणाली. हात कपड्यावरून हलला नाही. ‘तुझं पत्र आवडलं म्हणून लगेच उत्तर आलं. माझ्या पत्राला आलं नाही, म्हणजे ते त्यांनी नीट वाचलं.’ टाका संपेपर्यंत ती थांबली. ‘आता सरक. उजेड अडवतोयस.’